रुईच्या पानांची तपासणी

फुलपाखरांचं वेड असलेल्या माणसाशी आपलं लग्न होतंय, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात कुणाची चूकही नाही, कारण तेव्हा ह्यांना ते वेड नव्हतंच. हे सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. आलेला सुटा भाग मापात आहे का ते बघायचं, असला तर पास, नसला तर परत. अख्खी नोकरी ह्यांनी हेच केलं. मी सांगलीची. लग्न करून बंगळूरला आले, यशवंतपूरच्या पलीकडे कारखान्याच्या सोसायटीतल्या प्लॉटवर आम्ही घर बांधलं, आणि मागेपुढे थोडी जागा सोडली. शहर तेव्हा आमच्यापर्यंत आलं नव्हतं. आता ते आमच्या डोक्यावरून पुढे निघून गेलंय.

निवृत्त झाल्यावर महिनाभर ह्यांनी माझं स्वयंपाकघर तपासलं. डब्यांना लेबलं लावली, दूधवाल्याचं माप धरून बघितलं, पोळ्या सारख्या आकाराच्या का होत नाहीत ह्यावर विचार केला. माझ्या अगदी नाकी नऊ आले होते. मग कुणाच्या तरी ओळखीनं एक मुलगी घरी आली. शहरातल्या बागांमधल्या फुलपाखरांच्या नोंदी गोळा करणारा एक गट होता, त्याचं काम ती बघायची. तिनं ह्यांना कसं बघायचं, काय लिहायचं ते समजावलं, आणि त्या दिवसापासून माझे डबे सुटले. मी त्या मुलीला मनातल्या मनात चार आशीर्वाद दिले. पुढे ते परत घ्यावेसे वाटले, ती गोष्ट वेगळी.

रविवारी सकाळी नऊला बागेत ऊन उतरतं, तीच नोंदीची वेळ. तुळशीपासून निघायचं, लिंबाला वळसा घालायचा, कुंपणाच्या कडेनं रुईपर्यंत जायचं आणि नळाच्या बाजूनं परत यायचं. काय दिसलं, किती दिसलं, आभाळ कसं होतं, ते सगळं टिपायचं. खात्री नसेल तर लिहायचं नाही. ह्या शेवटच्या नियमावर हे भलतेच खूश होते. बाकीचे लोक हौसेनं काहीबाही लिहून पाठवतात, असं त्यांना ठामपणे वाटायचं.

मला फुलपाखरांचं फार काही नाही. पण एका घरात राहिलं की माणूस शिकतोच. माघ-फाल्गुनात बाग रिकामी असते, पिवळी छोटी दोन-चार जमिनीलगत हिंडतात तेवढीच. वळवानंतर लिंबावर अळ्या दिसायला लागतात. जूनमध्ये निळसर पट्ट्यांचे कडवे घाटाकडून पूर्वेला जाताना आमच्यावरून जातात आणि दसऱ्याच्या मागेपुढे परत येतात. खरा हंगाम गणपतीनंतरचा. तेव्हा हे सकाळी चहासुद्धा उभ्यानं घ्यायचे.

ह्या सगळ्यापायी माझी बाग कायम कुरतडलेली असायची. कढीपत्त्यावर अळ्या, म्हणून कढीपत्ता तोडायचा नाही. दारात झाड असून मी बाजारातून काडी विकत आणायची. शेजारची अक्का हे बघून कपाळाला हात लावायची. "झाड तुझं, फोडणी बाजाराची! सरी, सरी," असं कन्नडमधलं बरं-बरं म्हणून तीच मग स्वतःच्या झाडाचा कढीपत्ता कुंपणावरून टाकायची. चाळीस वर्षांच्या शेजारात तिचं मराठी आणि माझं कन्नड दोन्ही सारखंच बिघडलंय.

रुई ह्यांनी मुद्दाम लावली. प्लेन टायगर म्हणून एक नारिंगी फुलपाखरू असतं, मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात, ते रुईवर अंडी घालतं. अळी पट्ट्यापट्ट्यांची, पानं खाऊन माजलेली. मग ती पानाखाली उलटी लटकून कोश करते. कोश हिरवागार, अंगठ्याच्या पेराएवढा, आणि त्यावर सोनेरी ठिपके. तो मलाही आवडतो, ते कबूल करते.

पण रुई लावली की माणसंही येतात. रथसप्तमीला डोक्यावर पानं ठेवून आंघोळ करायची इथली रीत, म्हणून आजूबाजूचे येतात. शनिवारी मारुतीच्या माळेला कुणी येतं. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे अर्धं महाराष्ट्र मंडळ लोटतं. सर्जापूर रोड, महादेवपुरा, कुठून कुठून ही मुलं गाड्या काढून येतात. बाजारात पत्रीची जुडी मिळते, पण त्या जुडीत काय बांधलंय ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. आमच्याकडे रुई आहे, बेल आहे, आघाडा, माका, दूर्वा, सगळं आहे. कोणा एका बाईनं ग्रुपवर टाकलं आणि तेव्हापासून हे लोण सुरू झालं.

पत्री कापायचं काम ह्यांचंच. रुईखाली स्टूल टाकून बसायचे, दोन टोपल्या पुढ्यात. पान तोडायचं, उलटं करायचं, आभाळाकडे धरून बघायचं. अंडं, अळी, कोश काहीही असलं तर ते पान डाव्या टोपलीत. स्वच्छ असलं तर उजव्या. डाव्या टोपलीतली पानं नंतर अळ्यांसकट परत रुईच्या फांद्यांना दोऱ्यानं बांधायची. लोक कौतुकानं बघत उभे राहायचे आणि मी सगळ्यांना चहा करत राहायचे.

डोळ्यांचं सुरू झालं दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. खिडकीचे गज वाकडे दिसतात, असं हे म्हणाले. मला वाटलं, आता गज तपासायला लागले. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होतोय. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. नातेवाइकांनी फोनवर सगळा दोष रुईच्या चिकाला दिला. डॉक्टरांनी त्याचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं, तरी माझी नणंद अजून रुईच म्हणते.

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा, मेट्रो, पुन्हा रिक्षा, मग तिथे बाहुली मोठी करायचे थेंब, मग वाट बघणं, मग इंजेक्शन, आणि डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस धरून तोच सगळा रस्ता उलटा. घरी येऊन कुकर लावायचा. बँकेचं, गॅसचं, वीजबिलाचं सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. फोनवर आलेला आकडा मी वाचायचा, हे पासवर्ड सांगणार, तोही चुकलेला. वर्षभर असं चाललं. मुलगी तिकडे परदेशातून विचारायची, आई, तू बरी आहेस ना? मी बरी आहे म्हणायचे. दुसरं काय म्हणायचं, तेही नीट सुचत नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टर म्हणाले की उजवा आता आहे तसा राहील, डावा ठीक आहे, पण दाखवत राहा. आम्ही मान डोलावली. पुढची तारीख आली तेव्हा हे म्हणाले, "दिसतंय मला. कशाला उगाच." मीही फार ताणलं नाही. त्या दवाखान्याच्या नुसत्या विचारानंच माझे पाय दुखायचे. आणि हे रविवारी नऊला बागेत जातच होते, नोंदी जात होत्या, गटातली ती मुलगी कौतुक करत होती. दिसत असणारच, असं मी धरून चालले.

ह्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी पुण्याहून नवीनच आलेली एक मुलगी नवऱ्याबरोबर आली. सर्जापूर रोडला उंच मजल्यावर फ्लॅट, स्वतःच्या घरातला पहिला गणपती. ती टोपलीशेजारी मांडी घालूनच बसली.

"काका, किती सिरियसली करता तुम्ही! एक-एक लीफ चेक?"

"अळीला घर बदलावं लागू नये," हे म्हणाले.

"ऑ, किती गोड! काकू, लकी आहात तुम्ही."

मी आतून आणखी कप आणायला गेले. हे त्या दिवशी फार सावकाश काम करत होते. वय झालं, असं मनात आलं. लोकांची रांग नळापर्यंत गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर त्या मुलीचा व्हिडिओ आला. गणपतीपुढच्या पत्रीत एका पानाखाली हिरवा मणी लटकत होता, तिला वाटलं फळ असेल, राहू दिलं. सकाळच्या आरतीत तो उकलला. आतून ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू बाहेर आलं आणि पंख वाळवत मखराच्या कडेला बसून राहिलं. मागे कुणीतरी घंटा वाजवायची विसरून "अरे बघ, अरे बघ" म्हणतंय. शेवटी तिनं ते बाल्कनीतून सोडलं. व्हिडिओखाली नुसते जोडलेल्या हातांचे ढीग. बाप्पा पावला, साक्षात आशीर्वाद, डोळे भरून आले, वगैरे.

मी कितीतरी दिवसांनी मोकळी हसले. फोन घेऊन ह्यांच्याकडे गेले आणि सगळं वाचून दाखवलं.

"पान कसलं होतं?" ह्यांनी विचारलं.

"रुईचं."

"कुठून नेलं होतं त्यांनी?"

"आपल्याकडून. आणखी कुठून नेणार?"

ह्यांनी फोन हातात घेतला. आधी नाकाशी धरला. मग लांब धरला. मग मान एका बाजूला वळवली आणि कोंबडीसारखं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मी ते बघत उभी होते आणि माझं हसू हळूहळू विरून गेलं.

"एखादा निसटतो हो," मी म्हटलं.

"निसटत नाही. ते पान मी उलटं करून बघितलं होतं. सगळी केली होती." फोन त्यांनी माझ्याकडे परत दिला. "एवढा मोठा कोश. सोनेरी ठिपक्यांचा. माझ्या हातात होता."

मग ते खिडकीसमोर जाऊन बसले. एक डोळा तळहातानं झाकला, मग दुसरा. बराच वेळ असं चाललं. शेवटी म्हणाले, "डाव्यानं मधला गज दिसत नाही. कडेचे दिसतात."

"कधीपासून?"

"ते माहीत नाही. तीच तर अडचण आहे."

डॉक्टरकडे गेलो. ते रागावले, आणि रागावण्याचा त्यांना हक्कच होता. गेलेला मधला भाग परत येणार नाही, उरलेलं टिकवायला इंजेक्शनं घेऊ, असं म्हणाले. परतताना रिक्षात मी पुढच्या तारखा मनात लावत बसले होते. रडू येईल असं वाटलं होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

घरी आल्यावर ह्यांनी मला समोर बसवलं आणि कारखान्याचा नियम समजावला. एखादं मापक तपासणीत चुकीचं निघालं, तर ते नेमकं कधी बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ते शेवटचं बरोबर ठरलं होतं त्या दिवसापासून पुढे त्यानं पास केलेला सगळा माल थांबवायचा. चांगला असो की वाईट. "माझा डोळा शेवटचा बरोबर निघाला गेल्या वर्षी पावसाळ्याआधी," ते म्हणाले. "तिथपासूनच्या माझ्या सगळ्या नोंदी मागे घ्यायच्या. तू गटातल्या त्या मुलीला मेल लिही."

माझं डोकंच फिरलं. "दोन पावसाळे? अहो, सगळं चुकलं कसं असेल? बघत होतात ना तुम्ही?"

"चालीवरून ओळखत होतो. कडेनं हालचाल दिसते मला. प्लेन टायगर निवांत जातो, लिंबावरचं काळं थरथरतं. उडणं ओळखता येतं."

"मग झालं तर!"

"झालं नाही. प्लेन टायगरची नक्कल करणारी एक मादी आहे. रंग तोच, चालही जवळपास तीच. मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके आहेत की नाहीत, एवढाच फरक. ठिपके मला दिसत नव्हते आणि मी लिहीत होतो. मला वाटत होतं की दिसतायत."

हे ते अशा आवाजात म्हणाले की मला पुढे ओरडता येईना. पण राग गेला नव्हता. लोक तिकडे बाप्पाचा आशीर्वाद म्हणून हात जोडतायत आणि हा माणूस त्यातून स्वतःला रिजेक्ट करायचं कारण शोधतोय! त्या रविवारांसाठी आम्ही कुणाच्या बारशाला गेलो नाही, साखरपुड्याला गेलो ते उशिरा. मुलीचा फोनसुद्धा नऊला घ्यायचा नाही. आणि ह्यांच्याकडे आता दुसरं होतंच काय? पेपर वाचता येत नाही, टीव्ही नुसता ऐकायचा. बागेतल्या त्या एका फेरीवर हा माणूस आठवडा काढत होता. त्या नोंदी गेल्या की ह्या दोन वर्षांत ह्यांनी काही केलं होतं असं म्हणायला जागाच उरत नव्हती. ते त्यांनाही कळत होतं, म्हणूनच तर इतकं हळू बोलत होते.

मी फोन घेतला आणि मेल उघडला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. माझ्या दृष्टीत दोष आढळला आहे. अमुक दिवसापासूनच्या माझ्या नोंदी कृपया धरू नयेत. क्षमस्व. इंग्रजीत ते सगळं आणखीच कोरडं दिसत होतं. पाठवायच्या आधी मला सुचलं.

"मी असायचे की तुमच्याबरोबर, दर रविवारी. लिहू का तसं? दोघांनी मिळून बघितलं म्हणून?"

ह्यांचा चेहरा एकदम बदलला. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. "हो, तू असायचीसच," ते म्हणाले. "हे माझ्या लक्षातच आलं नाही." मग सवयीनं विचारलंच, "पण तू बघत होतीस? ठिपके वगैरे?"

हो म्हणायचं होतं. एवढंसं तर होतं ते. ह्यांनी उलट तपासलं नसतं, माझ्यावर विश्वास ठेवला असता आणि दोन पावसाळे जागच्या जागी राहिले असते. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांपुढे एकही फुलपाखरू येईना. नळापाशी पसरलेला पाइप आला, लिंबाच्या आळ्याची विटांची कड आली, तुळशीकडची पायरी आली.

"नाही," मी म्हटलं. "मी तुमचे पाय बघत होते."

"पाय?"

"मागून चालायचे ना मी. कुठे अडखळताय, कुठे पाऊल चुकतंय, तेवढंच बघायचे. पडलात तर धरता यावं म्हणून. वर काय उडतंय ते मी कधी बघितलंच नाही."

बाहेर अक्का कुणाला तरी "स्वल्प तडी" म्हणून थांबवत होती. मला वाटलं, हे दुखावले. पण हे विचार करत होते.

"कधीपासून बघतेस पाय?"

"झाली की वर्षं."

"नेमकं कधीपासून?"

मी आठवलं. फार आठवावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला हे गुढीचा तांब्या हातात घेऊन निघाले आणि स्वतः बांधलेल्या पायरीवर ह्यांचं पाऊल चुकलं होतं. तेव्हा डोळ्यांचं नाव नव्हतं, डॉक्टर नव्हते, काही नव्हतं. मला गुडघे वाटले होते. मी तेल आणून चोळून दिलं होतं आणि त्या रविवारपासून मागून चालायला लागले होते.

"मग पाडव्यापासून लिही," हे म्हणाले.

"अहो, तो आणखी एक अख्खा पावसाळा जाईल! आणि डॉक्टर तर गेल्या वर्षी म्हणाले होते की डावा ठीक आहे."

"पाटीवरची अक्षरं वाचण्यापुरता ठीक. ज्याला पायरी दिसत नव्हती त्याला ठिपके कसे दिसणार?"

मी तारीख बदलली. वाचून दाखवली. पाठवू का विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "कारण लिहायचं राहिलं. तारीख कशावरून ठरवली ते लिहावं लागतं." आणि त्यांनी सांगितलं, नोकरीत अहवाल सांगत असतील तसं, एकेक शब्द सुटा करून. "पत्नीने केलेल्या निरीक्षणावरून."

मी ते टाइप केलं. मग पाठवलं, आणि फोन मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. संध्याकाळचे थेंब घालायची वेळ होऊन गेली होती, पण मला उठवेना, आणि ह्यांनीही मला उठायला सांगितलं नाही.